पावसाळा लागल्यापासून घोडीचा खोकला जात नाही, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले (बडोदे)

पागा_पादरारोड

नमस्कार मंडळी. पादरा रोडला तीन घोड्यांची पागा आहे. प्रश्न एका घोडीचा. काठियावाडी, वय ११. छातीचा घेर १६५ सेंमी, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १५५ सेंमी.

जूनच्या शेवटापासून खोकते. चंदी (दाणा) खाताना, आणि कामाला काढल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत. दोन्ही नाकपुड्यांतून पांढरट शेंबूड, काम झाल्यावर मान खाली घातली की जास्त. खाणं उत्तम. उभ्या उभ्या मिनिटाला २४ ते २८ श्वास. बरगड्या संपतात तिथे कुशीवर तिरका चर दिसू लागलाय. ताप दोनदाच पाहिला, दोन्ही वेळा १००.४ फॅरेनहाइट.

पागा पत्र्याची, २४ फूट रुंद. नैऋत्येकडून पाऊस आत येतो म्हणून जून ते सप्टेंबर त्या बाजूला ताडपत्री. खाली भाताचा पेंढा, वर माळ्यावर गवत. संध्याकाळी डासांसाठी कडुनिंबाची धुरी. बाकीच्या दोघांपैकी एक कधीमधी खोकतो.

अँटिबायोटिक पाच-पाच दिवस दोनदा झालं. मधे स्टिरॉइडचं एक इंजेक्शन दिलं तेव्हा दोन दिवस छान होती, मग पुन्हा तेच. प्रश्न असे: हे इन्फेक्शनच आहे का? गवत भिजवून द्या असं सगळे सांगतात, पण इथल्या हवेत ओलं गवत दुपारपर्यंत आंबतं, मग ते द्यायचं कसं? आणि स्टिरॉइड द्यायचंच तर किती?

अश्ववैद्य

वर्णन दम्याचं आहे, घोड्यांच्या दम्याचं. ताप नाही, भूक शाबूत, खाताना खोकला, अँटिबायोटिकने फरक शून्य, स्टिरॉइडने दोन दिवस फरक. कुशीवरचा चर म्हणजे श्वास बाहेर टाकायला पोटाच्या स्नायूंना जोर लावावा लागतोय आणि ते स्नायू वाढलेत. श्वास सोडताना पोट दोन टप्प्यांत आत जातं का, ते बाजूने उभं राहून बघा.

पण औषधाआधी दोन गोष्टी.

पहिली, ग्लँडर्स, घोड्या-गाढवांचा जिवाणूंमुळे होणारा संसर्गजन्य रोग. आपल्याकडे नाकातून स्राव आठवड्यांवर टिकला की हा रोग नाही असं आधी ठरवून घ्यायचं. गुजरातेत तो याआधी सापडलेला आहे. स्राव चिकट, मधासारखा किंवा रक्ताचा अंश असलेला आहे का? नाकाच्या मधल्या पडद्यावर गाठी, व्रण किंवा चांदणीच्या आकाराचे पांढरे वण आहेत का? पायांच्या आतल्या बाजूला दोरीसारख्या फुगलेल्या नळ्या आणि फुटणाऱ्या गाठी आहेत का? हे सगळं बघताना हातमोजे आणि मास्क घाला, कारण तो माणसाला होतो आणि जीव घेतो. काहीच दिसलं नाही तरी सरकारी दवाखान्यातून रक्त पाठवा. पक्की तपासणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्रात होते. हा रोग २००९ च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली कळवावा लागतो आणि त्यावर इलाज करायला परवानगी नाही. निकाल येईपर्यंत घोडीची बादली, तोबरा, खरारा वेगळा ठेवा आणि तिला पागेबाहेर नेऊ नका.

दुसरी, ताप. दोन नोंदींवर काही सांगता येत नाही. सात दिवस, सकाळी कामाआधी आणि संध्याकाळी, थर्मामीटर दोन मिनिटं गुदद्वारात. ९९.५ ते १०१.३ ठीक. मधेच एखाद-दोन दिवस १०३ वर जाऊन परत उतरत असेल तर विषय वेगळा. पावसाळ्यात गोमाश्यांमुळे सर्रा (रक्तातल्या परजीवीचा रोग) होतो, तेव्हा ताप चढलेला असतानाच रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासून घ्या. ताप उतरल्यावर जंतू बहुधा हाती लागत नाहीत.

वास येणारा स्राव एकाच नाकपुडीतून असता तर वरच्या दाढेचं मूळ किंवा सायनस बघायला सांगितलं असतं. इथे दोन्हीकडून आहे, म्हणून ते तूर्त बाजूला.

रावपुरा_टांगा

२४-२८ श्वास कधी मोजले? ऑगस्टमधे दुपारी दोनला बडोद्यातला कुठलाही धट्टाकट्टा घोडा २० च्या वर जातो. पहाटे साडेपाचला, चंदीच्या आधी, दाराबाहेर उभं राहून पूर्ण ६० सेकंद कूस मोजा. १५ सेकंद मोजून चारने गुणू नका, एक श्वास चुकला की चार चुकतात.

आणि घोडी घाम गाळते का? या दमट हवेत काही घोड्यांचा घाम हळूहळू बंद पडतो. अंग कोरडं, फक्त आयाळीखाली आणि मांड्यांमधे ओल, आणि काम संपल्यावर अर्धा-पाऊण तास धाप. लोक त्यालाच फुप्फुसाचा रोग समजतात. ओळख सोपी आहे: घाम बंद पडलेल्या घोड्याचा ताप कामानंतर १०४ च्या वर जातो आणि लवकर उतरत नाही, सावलीत पाणी ओतत राहिलं की धाप बसते. दम्याच्या घोड्याला पाणी ओतून काही फरक पडत नाही.

मोतद्दार

पेंढा, माळा, धुरी, ताडपत्री. चारही गोष्टी एकाच पागेत आहेत, मग औषध काय करणार.

गवतापासून सुरू करतो. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर राहिली की कोरडं ठेवलेलं गवतही हवेतून ओल ओढतं आणि त्यावर बुरशी धरते. बडोद्यात जुलै-ऑगस्ट सगळा तसाच जातो. गवत हिरवं दिसलं, वास बरा आला म्हणजे चांगलं, असं नाही. बुरशीचे जे कण फुप्फुसात खोल जातात ते डोळ्यांना दिसतच नाहीत. गठ्ठ्याच्या मधोमध कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर तो गठ्ठा घोड्याला नाही. उघडताना राखाडी धूर उडाला तर म्हशीलाही नाही.

ओल मोजायची साधी रीत: गठ्ठ्याच्या पोटातलं मूठभर गवत कात्रीने बोटाच्या पेराएवढं कापा, कोरड्या काचेच्या बरणीत घाला, वर दोन चमचे तव्यावर भाजून गार केलेलं मीठ. झाकण लावून दोन मिनिटं हलवा. मीठ मोकळं राहिलं तर ओल साधारण १५ टक्क्यांच्या आत. मिठाचे गोळे झाले तर त्याच्या वर. मिठाच्या पुडीतलं मीठ थेट वापरू नका, पावसाळ्यात ते आधीच ओलं असतं आणि सगळी गवतं नापास होतात.

साठवण: पुढच्या वर्षी मार्च-एप्रिलमधे घ्या, पहिल्या पावसाआधी आत. लाकडी पाट्यांवर जमिनीपासून अर्धा फूट वर, भिंतीपासून फूटभर लांब. रास ताडपत्रीने घट्ट झाकू नका, खालून घाम सुटतो आणि वरचे दोन थर काळे पडतात. विश्वामित्री नदीचं पाणी शिरण्यासारखी जागा असेल तर २०२४ च्या ऑगस्टचा पूर आठवा आणि पाट्या आणखी उंच करा. एकदा भिजलेलं गवत वाळवून घोड्याला घालायचं नाही, ओल गेली तरी बुरशी जात नाही. आणि माळा रिकामा करा. माळ्यावर गवत म्हणजे वरून अहोरात्र धूळ चाळणं. गवताची खोली वेगळी हवी, निदान मधे पूर्ण भिंत हवी.

शेंगदाण्याचा पाला देत असाल तर बंद करा. मातीसकट येतो, त्याच्याइतका धुळीचा चारा दुसरा नाही. हिरवी लसूणघास, इथे सगळे रजको म्हणतात तीच, धुळीच्या हिशेबात उत्तम. पण सगळा चारा तिचाच करू नका, प्रथिनं भलतीच होतात. शिवाय पावसाळ्यात कापून ढीग घातला की दोन तासांत आतून तापते. कापली की पसरा.

चंदी तोबऱ्यात कोरडी देणं म्हणजे नाकाला धुळीची पिशवी बांधणं. हरभरा भिजलेला, कोंडा ओला, जव भरडला असेल तर त्यावरही पाणी. आणि चारा जमिनीलगतच्या गव्हाणीत. जाळीत डोक्याच्या उंचीला टांगला की प्रत्येक ओढीला धूळ थेट नाकपुडीत. मान खाली असली की शेंबूड आपोआप बाहेर येतो. तुमच्या घोडीचा येतोय तो त्यामुळेच, त्याला वाईट लक्षण समजू नका.

पत्रा_आणि_आढं

पागेचं सांगतो. घोड्याची ऊब आणि ओल वर जाते, तिला आढ्यापाशी, म्हणजे छताच्या सगळ्यात उंच कण्यापाशी, वाट हवी. कमीत कमी हिशेब असा: दर १० फूट रुंदीमागे आढ्याला २ इंच उघडी फट, आणि दोन्ही वळचणींना (छताच्या खालच्या कडांना) मिळून तेवढीच. तुमच्या २४ फुटांना आढ्यावर ५ इंच, प्रत्येक वळचणीला अडीच इंच. फटीवर उलटी पन्हळ, म्हणजे टोपी, ८-१० इंच वर उचलून बसवली की पाऊस आत येत नाही. पत्रा बसवणारे कारागीर आढं सिमेंटने बंद करून देतात आणि काम चोख झालं म्हणतात. फोडायला सांगा.

हा हिशेब थंडीसाठीचा आहे. बडोद्यात एवढ्याने भागत नाही, भिंती कमरेच्या वर उघड्याच हव्यात. नैऋत्येला ताडपत्री बांधली की वारा येतो तीच बाजू बंद होते. तिच्याऐवजी छत ४-५ फूट पुढे काढा, खाली तिरक्या फळ्यांची झडप. पाऊस अडतो, वारा वाहतो. यंदा खर्च जमत नसेल तर ताडपत्री वरून दीड फूट मोकळी सोडा, खालून बांधा.

अमोनिया बघायचा असेल तर पेंढ्यावर गुडघे टेकून जमिनीपासून फूटभर उंचीवर दोन मिनिटं नाकाने श्वास घ्या. घोडी बसते, चरते त्या उंचीची हवा ती. उभं राहून वास येत नाही म्हणून सगळे खुशाल असतात. जमिनीला दर ५ फुटांना १ इंच उतार, मूत थेट बाहेरच्या गटारात. ओल्यावर चुन्याची भुकटी टाकायची पद्धत आहे, ती सोडा: चुना अल्कधर्मी, तो मुतातला अमोनिया उलट बाहेर काढतो, आणि वर स्वतःची भुकटी उडवतो.

अंथरायला पेंढ्याऐवजी मही नदीची जाड वाळू, ६ इंच, रोज लीद आणि ओला भाग उचलायचा. बारीक वाळू नको, तीही उडते. वाळूवर चारा टाकायचा नाही, पोटात जाऊन वाळूचा शूळ होतो, म्हणून गव्हाणीखाली रबरी चटई. नुसत्या चटया घालणार असाल तर आठवड्याला उचलून खालून धुवाव्या लागतील, मूत तिथेच साठतं. लाकडाचा भुसा घेतलात तर जाड छिलके घ्या, करवतीचा बारीक भुसा पेंढ्याहून बरा नाही.

झाडताना तिन्ही घोडे बाहेर, आधी पाणी शिंपडायचं, झाडल्यावर तासाभराने आत. उकिरडा ईशान्येला, पावसाळी वारा नैऋत्येचा असल्याने वास आणि बुरशी पागेपासून लांब जाते. सध्या दाराजवळ असणार, बहुतेकांचा असतो.

पंखे छताखाली, तोंड आडवं. जमिनीवर रोखलेला पंखा धूळ उचलून घोडीच्या नाकात घालतो.

आणि धुरी! कडुनिंब असो, ओवा असो, गोवऱ्या असोत, धूर तो धूर. डासांना पंखा आणि जाळी. पंख्याच्या वाऱ्यात डास उतरत नाही, रॉकेलची बत्ती पण नको.

पागा_पादरारोड

सगळ्यांचे आभार. आठवड्याच्या नोंदी: ताप सकाळी ९९.८ ते १००.४, संध्याकाळी १००.६ ते १०१, एकदाही चढला नाही. पहाटे साडेपाचला श्वास १८, २०, १९, २०. दुपारी २८. घाम व्यवस्थित येतो, मानेवर आणि खांद्यावर ओला डाग. नाकात गाठी-वण नाहीत, रक्त दिलं, निकाल ठीक आला. मिठाची परीक्षा केली, माळ्यावरच्या चारपैकी तीन गठ्ठे नापास. धुरी त्याच दिवशी बंद केली.

एक सांगायचं राहिलं. कुंपणापलीकडे वीटभट्टीची गाढवं असतात आणि पावसाळ्यात ती आमच्या पडीक जागेत चरतात. त्याचा संबंध असेल का? आणि भिजवायचं नेमकं कसं?

अश्ववैद्य

असू शकतो. गाढवांच्या फुप्फुसात एक कृमी असतो, गाढवाला त्याचा फारसा त्रास नसतो. तोच घोड्यात गेला की खोकला महिनोन्महिने जात नाही. घोड्यात तो बहुधा पूर्ण वाढतच नाही, म्हणून लिदीत अळ्या सापडत नाहीत, आणि लीद तपासून "काही नाही" असा निकाल आला तरी तो नाहीच असं म्हणता येत नाही. आयव्हरमेक्टिन तोंडातून ०.२ मिग्रॅ प्रति किलो, एकदा. तिन्ही घोड्यांना. ती जागा गाढवांना बंद करा.

वजन काढू: घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८७७. म्हणजे १६५ × १६५ × १५५ भागिले ११,८७७, साधारण ३५५ किलो. आयव्हरमेक्टिन ७१ मिग्रॅ. घोड्यांच्या पेस्टच्या नळीवर किलोच्या खुणा असतात, त्यावर ३७५ ला लावा. गुरांचं इंजेक्शन टोचू नका, घोड्यात त्या जागी सूज आणि गंभीर संसर्ग होतो.

पहाटेचे १८ ते २० श्वास हे निरोगी घोड्याच्या ८ ते १६ च्या वर आहेत, पण अवस्था अगदी शेवटची नाही. आणंदच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घोड्याला पुरेल एवढी लांब, नाकातून आत घालायची दुर्बीण (एंडोस्कोप) आहे का विचारा. असेल तर दोन गोष्टी करून घ्या: श्वासनलिकेत शेंबूड किती साचलाय ते बघणं, आणि २५० ते ५०० मिली सलाइनने फुप्फुस धुऊन आलेल्या पाण्यातल्या पेशी मोजणं. निरोगी घोड्यात न्यूट्रोफिल (दाहात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असतात, तीव्र दम्यात २०-२५ च्या वर. श्वासनलिकेतल्या शेंबडाचं कल्चर लावून आलेल्या जंतूंवर पुन्हा अँटिबायोटिक सुरू करू नका, साचलेल्या शेंबडात जंतू सापडणारच.

दुर्बीण मिळाली नाही तर तुमच्या डॉक्टरांनी बस्कोपॅन (आकुंचन सैल करणारं औषध) ०.३ मिग्रॅ प्रति किलो शिरेतून देऊन बघायचं. दहा मिनिटांत श्वास मोकळा झाला तर नळ्या आकुंचन पावल्या होत्या हे कळतं. ते इलाज म्हणून रोज नाही.

स्टिरॉइड: डेक्सामेथासोन ०.०५ मिग्रॅ प्रति किलो, तुमच्या घोडीला १७-१८ मिग्रॅ, म्हणजे ४ मिग्रॅ प्रति मिलीच्या बाटलीतून साडेचार मिली, दिवसातून एकदा. चार-पाच दिवसांनी उतरवत न्यायचं. तोंडातून द्यायचं तर प्रेडनिसोलोन २ मिग्रॅ प्रति किलो, सकाळी. २० मिग्रॅच्या ३५ गोळ्या होतात, दुकानदार चमकेल, पण हिशेब बरोबर आहे. चिठ्ठीवर "प्रेडनिसोन" लिहून आलं तर परत करा, ते घोड्याच्या पोटातून नीट शोषलंच जात नाही. खुराच्या आजाराचा इतिहास असेल, किंवा मानेवर चरबीची गादी असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा, स्टिरॉइडने खुरांत दाह उठू शकतो. रोज खुरांवर हात ठेवून गरम लागतात का बघा.

पंप: माणसांचा दम्याचा सालब्युटामॉल पंप, एका दाबाला १०० मायक्रोग्रॅम. १ ते २ मायक्रोग्रॅम प्रति किलो म्हणजे ४ ते ७ दाब. एका नाकपुडीवर घट्ट बसेल असा मास्क आणि स्पेसर (पंप आणि मास्कमधली पोकळ नळी), श्वास आत घेताना एक दाब, मधे चार-पाच श्वास. पाच मिनिटांत मोकळं वाटतं, तासाभरात उतरतं. त्याने दाह कमी होत नाही, नुसत्या त्याच्यावर राहायचं नाही.

धूळ तशीच ठेवून स्टिरॉइड दिलं की तुमच्या त्या इंजेक्शनसारखं होतं. क्रम उलटा ठेवा: आधी पागा आणि चारा बदला, मग औषध. बऱ्याच घोड्यांत चारा बदलल्यावर तीन-चार आठवड्यांत निम्मा खोकला औषधाशिवाय जातो. आणि बदल तिघांसाठी करा. पागेची हवा एक आहे, शेजारच्या ठाणात कोरडा पेंढा असेल तर हिच्या ठाणातली वाळू फुकट.

मोतद्दार

भिजवण्याचं. वर पाणी शिंपडणं म्हणजे भिजवणं नव्हे, आतलं गवत कोरडंच राहतं. २०० लिटरचं निळं पिंप आडवं कापा, गवत जाळीच्या पिशवीत, पूर्ण बुडवून वर दगड. १५ ते २० मिनिटं. रात्रभर नाही. या उष्णतेत रात्रभर ठेवलेल्या पाण्यात जंतूच वाढतात आणि गवतातली साखर-क्षार निघून जातात. काढा, दहा मिनिटं टांगून निथळा, लगेच घाला. दोन तासांत संपेल तेवढंच भिजवायचं, तुमचं आंबण्याचं कोडं इथेच सुटतं.

तोलून: कोरडा चारा वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे हिला दिवसाला साडेपाच ते सात किलो. चार वेळा दीड-पावणेदोन किलो. कोरडं असतानाच तोला. उरलेलं उचला, पुढच्या वेळच्या चाऱ्यात मिसळू नका. पिंपाचं पाणी प्रत्येक वेळी फेका, ते काळं-पिवळं पाणी दुसऱ्यांदा वापरलं की धुतलेली बुरशी परत गवतावर. क्षार जातात म्हणून चंदीत रोज २५-३० ग्रॅम मीठ.

वाफेचं यंत्र यापेक्षा सरस, पण वाफ गठ्ठ्याच्या मध्यापर्यंत उकळत्या पाण्याइतकी गरम पोचली तरच. प्रेशर कुकरला नळी लावून पेटीत सोडायचे प्रयोग लोक करतात. त्याने मधलं गवत नुसतं कोमट-ओलं होतं आणि कोरड्यापेक्षा वाईट होतं.

नापास झालेले तीन गठ्ठे भिजवूनही देऊ नका. भिजवल्याने धूळ बसते, बुरशीचं विष जात नाही.

पागा_पादरारोड

पिंप आज कापलं. शेवटचं एक: देवउठी (कार्तिकी) एकादशीनंतर लग्नसराई, तोवर घोडी कामाला लागेल?

अश्ववैद्य

पहाटेचे श्वास सलग दहा दिवस १६ च्या आत, आणि चंदी खाताना एकदाही खोकला नाही, तर दहा मिनिटांच्या चालीने सुरुवात. मग दोन-दोन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा, दुडकी तिसऱ्या आठवड्यात. वरातीत बँडच्या मागे नाही, पुढे ठेवा, जनरेटरचा धूर मागे राहतो. फटाक्यांची माळ लागणार असेल त्या वरातीला दुसरा घोडा पाठवा. नेताना टेम्पोत मान उंच बांधू नका, निदान दर दोन तासांनी उतरवून खाली वाकू द्या.